नववीचा वर्ग कुठाय?

उद्या कॉलेजला जाताना एक काम करा. तुमच्या घराजवळ महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा असेल, तर तिच्या फाटकावरची पाटी नीट वाचा. शाळेचं नाव, माध्यम, स्थापना वगैरे सोडा. शाळा कितवीपर्यंत आहे, तेवढंच बघा. बऱ्याच ठिकाणी 'इयत्ता १ ली ते ७ वी' किंवा 'इयत्ता १ ली ते ८ वी' असं लिहिलेलं दिसेल. आपण ही पाटी हजारदा पाहिलेली असते. मग नववी कुठे, असा प्रश्न मात्र आपल्याला पडत नाही.

मलाही पडला नव्हता. मी भाईंदर पूर्वेला वाढले. केजीपासून दहावीपर्यंत एकाच खासगी शाळेत शिकले. माझ्यासाठी आठवीनंतर नववी येणं म्हणजे भाईंदरनंतर मीरा रोड येण्याइतकं ठरलेलं होतं. गाडीत बसलोय ना, मग स्टेशन येणारच. काही मुलांची गाडी आठवीलाच रिकामी करतात, हे मला बावीस वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं. मास कम्युनिकेशनची डिग्री हातात आली तरी माहीत नव्हतं!

कळलं ते आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकाकांच्या मुलीमुळे. काका मूळचे जालन्याकडचे. मीटर रूमच्या शेजारच्या खोलीत चौघं राहतात. गेल्या वर्षी ती आठवीत होती आणि मी संध्याकाळी तिचं गणित घ्यायचे. हुशार आहे का? नॉर्मल आहे. भूमिती आवडते, इंग्रजीचा कंटाळा करते, वहीच्या मागच्या पानावर मेंदीच्या डिझाइन काढते. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच. हे मुद्दाम सांगतेय, कारण पेपरात अशा मुलींची गोष्ट आली की ती नेहमी 'प्रतिकूल परिस्थितीत ९५ टक्के'वालीच असते. शाळेत जाण्यासाठी ९५ टक्के लागत नाहीत. लागू नयेत.

जून उजाडला. मी इंटर्नशिपच्या गडबडीत होते. एकदा रात्री गेटवर काका दिसले, म्हणून सहज विचारलं, "काका, नववीची पुस्तकं मिळाली का तिला?" काका हसल्यासारखं करून म्हणाले, "ताई, आठवीपर्यंतच होती ना शाळा. संपली."

संपली! जणू सीरियलच संपली.

चौदाव्या वाढदिवसाची भेट

त्यानंतर मी जे वाचलं, ते थोडक्यात सांगते. बोअर होणार नाही, कारण यातली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी आयुष्यात घडतेय.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, पहिली ते आठवी. घरापासून शाळा किती अंतरावर हवी, वर्गात किती मुलांमागे एक शिक्षक हवा, हे सगळं त्यात आहे. चांगला कायदा आहे. फक्त तो आठवीला थांबतो. आणि तो थांबला की त्याच्याबरोबर चालणाऱ्या बाकीच्या गोष्टीही थांबतात. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. खासगी शाळांमधल्या ज्या २५ टक्के राखीव जागांसाठी दरवर्षी पालकांची लॉटरी लागते, त्यांचाही खर्च सरकार आठवीपर्यंतच उचलतं. म्हणजे लॉटरी लागून चांगल्या शाळेत गेलेल्या मुलाच्याही हातात नववीला फीची पावती येते.

आता दुसरा कायदा बघा, बालकामगारांचा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही. घरच्या व्यवसायात शाळेनंतर केलेली मदत वगैरे अपवाद आहेत. १४ ते १८ या वयातल्यांना बंदी आहे ती फक्त धोकादायक कामांची. बाकीच्या कामांना मुभा.

हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचा. चौदावं संपलं की शाळेची हमी संपते, आणि त्याच सुमाराला कामाची परवानगी सुरू होते. एक दार बंद होताना दुसरं उघडावं, अशी वेळ साधलेली. कुणी ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये जिथे स्टीलची भांडी बनतात, किंवा घराघरांत जिथे इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवून डझनावर पैसे मिळतात, तिथे हे टायमिंग बरोबर कळतं. आमच्या वॉचमनकाकांच्या मुलीने जूनचा अख्खा महिना मणी ओवले.

तिसरा कायदा तर आपल्या शहराच्या कारभाराचाच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा. यात पालिकेच्या कामांचे दोन भाग आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. प्राथमिक शिक्षण बंधनकारक यादीत येतं. त्यापुढचं शिक्षण ऐच्छिक. म्हणजे एखाद्या पालिकेने नववी-दहावी सुरू केली तर छान, नाही केली तर कुणी जाब विचारू शकत नाही. दहिसर चेकनाक्यापलीकडची मुंबई महापालिका स्वतःच्या माध्यमिक शाळा चालवते. म्हणजे पालिकेला हे जमतच नाही, असं नाही. मर्जी लागते. मुलांची नववी मर्जीवर सोडणं कितपत बरोबर, एवढाच माझा प्रश्न आहे.

साताऱ्यात होतं, इथे का नाही?

तुमच्यातले काही म्हणतील, हायस्कूल चालवणं खर्चिक असतं, कुणाला परवडणार? म्हणून थोडं मागे जाऊया.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९४० मध्ये त्यांनी साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल काढलं. मोफत हायस्कूल. देश पारतंत्र्यात, महायुद्ध सुरू, हातात पैसा नाही, आणि माणूस शेतकऱ्यांच्या पोरांसाठी फी न घेणारी माध्यमिक शाळा काढतोय. 'कमवा आणि शिका' हे शब्द आपण आज कॉलेजच्या नोटीस बोर्डावर वाचतो, ते तिथून आलेत. साताऱ्यासारख्या तेव्हाच्या छोट्या गावाला हे हायस्कूल मिळालं आणि आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी घरांत पहिला मॅट्रिक झालेला माणूस तयार झाला. तुमच्या आजोबांना विचारा. पश्चिम महाराष्ट्रातले असतील तर बहुतेक 'रयत'चं नाव निघेल.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात साधारण अशी वाटणी झाली की प्राथमिक शाळा जिल्हा परिषदा आणि पालिकांनी चालवायच्या, माध्यमिक शाळा संस्थांनी काढायच्या आणि शिक्षकांचे पगार सरकारने अनुदानातून द्यायचे. गावोगावच्या 'विद्यालयां'नी पिढ्या घडवल्या, त्या याच वाटणीतून. नंतर सरकारने हात आखडता घेतला. नव्या शाळांसाठी आधी 'विनाअनुदानित' आणि मग 'कायम विनाअनुदानित' असे शब्द आले. शाळा काढा, पण पैशांचं तुमचं तुम्ही बघा.

आता मीरा-भाईंदर कधी वाढलं ते बघा. १९९१ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती ५ लाख २० हजारांच्या घरात गेली. २००२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २०११ मध्ये आकडा ८ लाख ९ हजारांवर पोचला. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजचा अंदाज तुम्ही संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये उभं राहून बांधा. म्हणजे मिठागरं आणि भातखाचरं जाऊन टॉवर उभे राहिले, तोच काळ नव्या शाळांचं अनुदान आटण्याचा होता. जुन्या गावांना मिळालेली अनुदानित हायस्कूलं इथे शहराच्या वेगाने वाढली नाहीत. नव्या वस्तीत जी हायस्कूलं आली, त्यातली बरीचशी फीवरच चालणारी. त्यांचाही दोष नाही, त्यांना शिक्षकांचे पगार काढायचे असतात.

आपण नेहमी म्हणतो, खेड्यातल्या मुलांना शहरासारख्या सोयी नाहीत. इथे उलटं दिसतं. जालन्याच्या खेड्यातून आलेल्या काकांना वाटलं होतं, मुंबईजवळ गेलो की पोरींची शाळा होईल. गावाकडे सहा किलोमीटरवर का होईना, अनुदानित हायस्कूल होतं. इथे खिडकीतून चार शाळा दिसतात आणि चारही परवडत नाहीत.

तीन शाळा, तीन नकार

काकांना मी म्हटलं, चला, आपण अॅडमिशन घेऊ. मला वाटलं दोन दिवसांचं काम आहे.

पहिल्या शाळेत सांगितलं, नववीला नवीन मुलं घेत नाही. दहावीचा निकाल बिघडतो. हे इतक्या सहज सांगितलं की मी मान डोलावली. जिना उतरल्यावर कळलं, आपण काय ऐकलं ते.

दुसऱ्या शाळेत जागा होती. फी ऐकून काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, ते भिंतीवरची ट्रॉफी बघत राहिले. त्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त होती. शिवाय युनिफॉर्म, बूट, पुस्तकं वेगळी.

तिसरी अनुदानित होती, फी जवळजवळ नव्हती. तिथे नववीच्या तिन्ही तुकड्या भरलेल्या. क्लार्क बाई चांगल्या होत्या. त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला बघितला आणि म्हणाल्या, दाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, आधी ते करून आणा, मग बघू. आधार दुरुस्त व्हायला काकांचे दोन खाडे गेले. परत गेलो तर उत्तर तेच, जागा नाही.

दहावीचा निकाल लागला की आपण स्टेटस टाकतो. २०२५ ला राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. भारी वाटतं. पण हे टक्के परीक्षेला बसलेल्यांचे. जी मुलगी नववीच्या दारातूनच परत गेली, ती नापासांतही मोजली जात नाही. निकालाच्या भागाकारात तिला जागाच नाही. तिचं नापास होणं निदान कागदावर तरी आलं असतं!

आणि 'दहावीत काय ठेवलंय, स्किल महत्त्वाचं' हे आपण कॅन्टीनमध्ये म्हणतो ना, ते आपल्याकडे दहावीचं सर्टिफिकेट आहे म्हणून. ज्याच्याकडे ते नाही, त्याला आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना प्रवेश नाही. टपाल खात्यातल्या ग्रामीण डाकसेवकाचा फॉर्म भरता येत नाही. त्याच्या पासपोर्टवरही फरक पडतो. दहावी नसलेल्याचा पासपोर्ट 'ईसीआर' प्रकारात जातो, म्हणजे आखातातल्या देशांत नोकरीला जायचं तर वेगळी सरकारी मंजुरी लागते. देश सोडून जायचं म्हटलं तरी नववी-दहावी आडवी येते.

मोर्चा आणि बाक

आपल्या शहराचं नाव जुलै २०२५ मध्ये देशभर गाजलं. मराठी बोलण्यावरून मीरा रोडमध्ये एका दुकानदाराला मारहाण झाली. मग व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला, मग ८ जुलैला मराठी संघटनांचा मोर्चा निघाला. त्याआधी पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे जीआर निघून मागे घेतले गेले होते. तुमच्यापैकी कुणी एका मोर्चात असाल, कुणी दुसऱ्या बाजूने रील टाकली असेल, कुणी नुसतंच वैतागून रिक्षात बसून राहिला असाल. मी वार्तांकन शिकायला गेले होते. घोषणा टिपून घेतल्या. भाषा, अस्मिता, सन्मान, व्यापार, सगळं होतं. शाळेचं नाव कुणी काढलं नाही.

मला मराठीचं प्रेम आहे, म्हणूनच विचारते. मराठी माध्यमातून आठवी झालेली मुलगी मणी ओवत बसली, यात मराठीचा सन्मान कुठे झाला? आणि जो हिंदी, गुजराती किंवा उर्दू माध्यमातला मुलगा आठवीनंतर गाळ्यात गेला, तो मराठी शिकणार कधी? २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. म्हणजे मुलगा शाळेत आणखी दोन वर्षं टिकला, तर आणखी दोन वर्षं मराठी वाचेल, लिहील, वर्गातल्या मराठी पोरांशी भांडेल आणि मैत्रीही करेल. सगळ्या माध्यमांचं सरकारी हायस्कूल ही या शहरातली भाषा शिकायची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शांत जागा आहे. मराठीसाठी रस्त्यावर आलेल्यांनी ही मागणी केली तर मी पहिल्या रांगेत उभी राहीन. व्यापाऱ्यांनी केली तरी उभी राहीन.

काही जण म्हणतात, सरकारी शाळांत पोरंच नाहीत, नववी काढून काय करणार? पण पालक काय विचार करतात ते बघा. शाळा आठवीला संपणार हे माहीत असेल, तर ज्याला थोडंफार जमतं तो पहिलीलाच मुलाला दहावीपर्यंतच्या शाळेत घालतो. मधेच धावाधाव कोण करणार? मग पहिलीचा पट घटतो आणि पट घटला म्हणून वर्ग वाढवत नाहीत. वर दोन इयत्ता जोडल्या तर खालच्याही भरतील, असं मला वाटतं. निदान करून बघायला काय हरकत आहे? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तर ३ ते १८ वयाची भाषा आहे, २०३० पर्यंत माध्यमिकपर्यंत शंभर टक्के मुलं शाळेत आणायचं उद्दिष्ट आहे. आता पाच वर्षंही हातात नाहीत.

आपण काय करायचं?

'सिस्टीम'ला शिव्या देऊन लेख संपवणं मला सोपं होतं. पण तुम्ही कॉलेजात आहात, तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत, मत आणि वेळ.

मताचं सोपं आहे. कुठल्याही पक्षाचा उमेदवार दारात आला की एकच वाक्य विचारा, "आपल्या वॉर्डातली आठवी झालेली मुलं नववीला कुठे जातात?" उद्यान, गटार, मेट्रो, सगळं विचारा, पण हेही विचारा. उत्तर देता आलं नाही तर पुढच्या वेळी देता येईल. प्रश्न दहा घरांत विचारला गेला की तो त्यांच्या यादीत जातो.

माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. किती मुलं आठवी पास झाली आणि त्यातली किती नववीला दाखल झाली, एवढंच विचारा. प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद 'सरल'मध्ये असते, त्यामुळे हा आकडा काढता येत नाही, असं कुणी म्हणू शकत नाही. बीएमएमवाल्यांनो, प्रोजेक्टला विषय शोधताय ना? हा घ्या.

आणि एनएसएस. वर्षाला १२० तास भरायचे असतात. आपण झाडं लावतो, बीच साफ करतो, पथनाट्य करतो. चांगलंच आहे. त्यातले दहा तास एप्रिल-मेमध्ये एखाद्या आठवीच्या मुलासाठी द्या. दाखल्यावरचं स्पेलिंग तपासा, आधार दुरुस्तीच्या रांगेत उभे राहा, अनुदानित शाळेत वेळेवर अर्ज नेऊन द्या. जूनमध्ये गेलात तर उशीर झालेला असतो, हे मी माझ्या अनुभवाने सांगतेय. फारच उशीर झाला तर दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, हेही त्यांना सांगा. पण तो शेवटचा उपाय. बाक, वर्ग, मैत्रिणी, मधली सुट्टी, हे फॉर्मवर मिळत नाही.

आता एक कबुली. त्या मुलीला शेवटी जुलैच्या मध्यावर तिसऱ्या शाळेत प्रवेश मिळाला. कसा, ते सांगते. मी वैतागून शाळेला फोन केला आणि नुसतं नाव न सांगता पेपरचं नावही सांगितलं. मी इंटर्न आहे, हे सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी 'एक जागा निघालीय' म्हणून काकांना बोलावणं आलं. ऑफिसात हे सांगितल्यावर मला चांगलीच बोलणी बसली आणि ती बरोबर होती. पेपरचं नाव त्यासाठी नसतं.

पण त्याहून जास्त टोचलं ते वेगळंच. शाळेच्या पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, कसं वाटतंय? ती म्हणाली, "बरंय ताई. पण आठवीत माझ्या बाकावर होती ना, तिचं नाही झालं. तिच्या बिल्डिंगमध्ये कुणी ताई नाही."

नववीत जायला बिल्डिंगमध्ये एक ताई असावी लागते. या ओळीवर मी बराच वेळ थांबले, पुढे काही सुचेना. तुमच्या बिल्डिंगमध्ये, चाळीत, गल्लीत आठवीचं कोण आहे, तेवढं आज संध्याकाळी बघून ठेवा. आणि पुढच्या वर्षी ही ताई लागूच नये, म्हणून त्या फाटकावरच्या पाटीवर 'ते १० वी' लिहून घेईपर्यंत विचारत राहा, नववीचा वर्ग कुठाय?